भूछत्राचा एक गुण

शिवणकाम करणारी आई मुलीला दंडाला धरूनच शिक्षकांच्या खोलीत आली आणि विज्ञानाच्या बाईंपुढे पुस्तक ठेवलं. त्याला उरल्यासुरल्या कापडाचं कव्हर होतं, कडेने बारीक टीप मारलेलं. बाईंनी दिलं तेव्हा त्याला धड पुठ्ठाही नव्हता.

"एका गुणाने गेली हो बाई निवासी शाळा. पेपर परत तपासून घेतला, तर या शहाणीने भूछत्राला वनस्पती लिहिलंय! तिथले साहेब हसले. म्हणाले, भूछत्र ना झाड ना प्राणी, त्याची सृष्टीच वेगळी."

"घाईत होतं असं," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी वयात बसत नाही. सोमवारपासून माझ्याबरोबर काजं-बटणं करेल."

हाताला चाळा म्हणून बाईंनी पुस्तक उघडलं. वाचून वाचून मऊ झालेलं पान आपोआपच समोर आलं. वनस्पतिसृष्टी: शेवाळ, बुरशी, भूछत्र. खाली लाल रेघ आणि समासात बाईंचंच शाळकरी अक्षर, 'हमखास विचारतात. पाठ करणे.'

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. वरच्या वर्गाला त्या दरवर्षी पाच सृष्टी शिकवत. आपल्या लहानपणीच्या पुस्तकात दोनच आहेत, हे देताना त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. "नवं कशाला घेता? विज्ञान काय दरवर्षी बदलतं?" असं वर ऐकवलं होतं, तेही चारचौघांत, मोठ्या मनाने.

त्यांनी वर पाहिलं. मुलगी त्यांच्याकडेच बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं, आणि घरी तिने अवाक्षर काढलं नव्हतं.

एक वाक्य पुरलं असतं. ते बाईंच्या ओठांवर आलंही. पण शेजारच्या टेबलावर गणिताचे सर कान टवकारून बसले होते. बाईंनी पुस्तक मिटलं.

"अगं, ढिम्म उभी काय राहिलीस?" आईने मुलीला ढोसलं. "बाईंनी स्वतःचं पुस्तक दिलं, त्याचं चीज केलं नाहीस. माफी माग त्यांची."

मुलगी एक पाऊल पुढे आली.

"चुकलं, बाई."

"असू दे," बाई म्हणाल्या. पुस्तकावरचा हात त्यांनी काढला नाही.