बांधापलीकडचं खत

मेंढ्या बसल्या होत्या खऱ्या, पण बांधाच्या पलीकडे. कल्याणरामनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. त्याचं शेत कोरडं ठणठणीत, अंगण झाडून काढावं तसं स्वच्छ. आणि पलीकडचं शेत लेंड्यांनी काळंभोर झालेलं. पलीकडचं म्हणजे गंगाबाईचं, त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं. तिच्याशी तो चार वर्षं बोलत नव्हता.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोपन्न सालचा वैशाख सरत आला होता. मेट्टूरचं धरण उघडून कालव्याला पाणी यायला थोडेच दिवस उरले होते. मागच्या हंगामात त्याचं भात पोटरीला येण्याआधीच पिवळं पडलं होतं. जमीन दमली, आता हिच्यावर रात्रभर मेंढ्या बसवल्याशिवाय गत नाही, असं अख्ख्या इन्नंबूर गावानं त्याला सांगितलं. म्हणून तर रामनाडकडून आलेल्या अळगर मेंढपाळाच्या मागे लागून लागून त्यानं कळपाची ही शेवटची रात्र आपल्यासाठी मिळवली होती. आज कळप आपल्या मुलखाला परत निघणार. म्हणजे आता खत पुढच्या वर्षी.

काल संध्याकाळी तो स्वतः शेतावर असता, तर हे घडलं नसतं. पण तो गेला होता तिरुभुवनम्‌ला. मुलीसाठी, विजयलक्ष्मीसाठी, तिथल्या रेशीम सोसायटीतला एक कारकून पाहायला. मुलाचे दात जरा पुढे होते, पण नोकरी पक्की होती. रात्रीचा मुक्काम तिथंच करून, होकार द्यायचा असं मनाशी ठरवून, तो सकाळच्या पहिल्या बसनं कुंभकोणमला आला आणि तसाच शेतावर पोचला. खरं तर विजयलक्ष्मी पाळण्यात होती तेव्हाच गंगाबाईनं तिला आपल्या सेतूसाठी मागून घेतलं होतं. आत्याचा मुलगा म्हणजे हक्काचा नवरा, इकडची रीतच ती. पण मग कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून बहीणभावांचं वाजलं. कल्याणरामनं शब्द मागे घेतला, आणि त्या घरचा दाणाही आपल्या घरात यायचा नाही, असं चारचौघांत सांगून टाकलं.

आता गंगाबाई आपल्या शेतात उभी होती. शेजारी सेतू भात मापत होता. ज्याच्या शेतात मेंढ्या बसल्या, त्यानं मेंढपाळाला भात द्यायचं, हा नियम होता, आणि गंगाबाई नियमाला पक्की होती.

बहिणीशी बोलायचं नाही, म्हणून कल्याणराम तमिळमधून अळगरवरच ओरडला. ह्या बाईंनी तुला काय चारलं, ते आधी सांग, म्हणाला. गंगाबाईनंही अळगरकडे पाहूनच उत्तर दिलं, की त्या गृहस्थांना सांग, मी काल देवळात होते, सकाळी येऊन पाहते तो शेतात मेंढ्या. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी माणसं आपण ओळखून आहोत, असं कल्याणराम अळगरला म्हणाला. बिचारा अळगर, मान इकडून तिकडे वळवून दमला. शेवटी गंगाबाईला हसू आवरेना, आणि हसता हसता तिच्या तोंडून घरातली, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात जपलेली जुनी मराठी निसटली.

“अस्कें खत तुझेंच, कल्याणा. टोपली आण, आणि सगळें वेंचून ने.”

तेवढ्यात अळगरनं तोंड उघडलं. आपला काही दोष नाही, म्हणाला. तुमच्याच घरच्या माणसानं बांधावर उभं राहून बोटानं शेत दाखवलं, तिथं मेंढ्या बसवल्या. कल्याणराम खवळून म्हणाला, की माझ्या घरात एवढं मूर्ख कोणी नाही. तोच बांधावरून विजयलक्ष्मी कॉफीचा लोटा घेऊन येताना दिसली. अळगरनं तिच्याकडे हात केला.

कल्याणरामला काही उमजेना. पोर याच बांधावर खेळून मोठी झालेली. डोळे बांधून सोडली असती तरी आपल्या शेतात बरोबर पोचली असती.

“विजया, आपलें शेत तुज ओळखूं येईना?”

तिनं लोटा खाली ठेवला. बापाची तिला भीती वाटत होती, ते स्पष्टच दिसत होतं. पण ती मागे सरली नाही.

“येतें कीं, अप्पा. मीं माझेंच दाखविलें. तुमचें अलीकडे आहे.”

सेतूच्या हातातलं माप कलंडलं आणि भात जमिनीवर सांडलं. गंगाबाईनं पदर तोंडाला लावला, पण आता तिला हसू येत नव्हतं.

चार वर्षांत पोरीनं सेतूचं नाव काढलं नव्हतं. आणि कल्याणरामनंही एकदासुद्धा तिला विचारलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. खाण तशी माती. हा हट्ट तिनं कुणाचा उचलला, ते काय त्याला ठाऊक नव्हतं? त्या दात पुढे असलेल्या कारकुनाची आठवण झाली आणि त्याला एकदम हसू फुटलं.

सेतू सांडलेलं भात गोळा करून अळगरच्या पोत्यात ओतायला निघाला. कल्याणराम बांध ओलांडून पलीकडे उतरला. लेंड्या तुडवत तो सेतूपाशी गेला आणि त्यानं त्याच्या हातातलं माप काढून घेतलं.

“राहूं दे, अक्का,” तो म्हणाला. “मेंढपाळाचें भात माझ्या घरून जाईल. लेकीच्या शेतास खत माहेरचें असावें.”