नव्या टीव्हीवरचे डाग

“बातम्या देणारी बाई डावीकडे सरकली की तिला कावीळ होते,” आत्माराम राऊत म्हणाले. “उजवीकडे आली की बरी.”

टीव्ही दुरुस्तीला आलेल्या मार्सेलने मान डोलावली आणि हत्यारांची पिशवी उघडली. बेचाळीस इंची प्लाझ्मा भिंतीवर होता, देव्हाऱ्याच्या शेजारी. त्याच्यापुढे देव्हारा खेळण्यातला वाटत होता. गेल्या आठ दिवसांत अर्धं भुईगाव येऊन तो बघून गेलं होतं. निम्म्या लोकांनी चपलाही बाहेर काढल्या होत्या.

“काहीही कर, पण आजच नीट कर,” प्रल्हाद म्हणाला. हा आत्मारामांचा एकुलता एक मुलगा. आज त्याने रजा टाकली होती.

“घाई त्याला आहे, मला नाही,” आत्माराम म्हणाले. “दोन वर्षं मागे लागलाय, वाडी बिल्डरला देऊया म्हणून. मी म्हटलं, मी असेपर्यंत एक केळ हलणार नाही. तर याने हा विकत आणला, माझ्यासाठी. माणूसच आहे मी, विरघळलो. म्हटलं, करतो सही. पण आधी टीव्ही नीट होऊ दे. पिवळ्या तोंडाची माणसं बघत मी वाडी देणार नाही.”

टीपॉयवर कागद तयार होते. वर पेन होतं. पेनाचं टोपणही काढून ठेवलेलं होतं.

“मी दोनदा ठोकून बघितला,” प्रल्हाद म्हणाला.

“यात ठोकण्यासारखं काही नसतं,” मार्सेल म्हणाला.

“कळलं ते. हात अजून दुखतोय. स्पीकर लांब नेले, फ्रिज सरकवला...”

“फ्रिजमागे मी होते,” प्रल्हादची बायको उन्नती सरबत घेऊन आली. “अहो, कशाला एवढा खटाटोप? कडेला तर आहे डाग. चालतंय की.”

“तुला चालतंय. मला कावीळवाल्या बाया बघायच्या नाहीत,” सासरे म्हणाले.

मार्सेलने वायरी तपासल्या, कॉन्ट्रास्ट उतरवला. बाई पिवळीच राहिली. मग त्याने रिमोटची चार बटणं ठरावीक क्रमाने दाबली. पडद्यावर आकडे आले. टीव्ही आजवर किती तास चालला, ते त्यात असतं. आठ दिवसांत दोन हजार नऊशे चाळीस तास.

“बिल आहे?” त्याने विचारलं.

“हरवलं,” प्रल्हाद म्हणाला.

“खोका?”

“फेकला. उंदीर होतात.”

मार्सेल त्याच्याकडे बघत राहिला. प्रल्हादने त्याला दंडाला धरून ओटीवर नेलं.

“बिल्डरच्या ऑफिसातला आहे,” तो हळूच म्हणाला. “त्यांनी भेट दिली. बाबांना काही बोलू नकोस. सही होईपर्यंत तरी नको.”

“मला काय करायचंय? मी डाग बघायला आलोय.”

आत येऊन मार्सेलने आत्मारामांना समजावलं. एकच चित्र महिनोन्‌महिने पडद्यावर राहिलं की त्याचा ठसा उमटतो. सगळा पडदा पांढरा करून दोन दिवस चालू ठेवला की ठसा फिका पडतो.

“पांढरं नको,” उन्नती म्हणाली. “बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.”

“दोन मिनिटं डोळे मिटा, काका.”

“मिटतो कशाला? बघायलाच तर ऑपरेशन केलं.”

मार्सेलने पांढऱ्या पडद्याची सीडी प्लेअरमध्ये घातली. पडदा पांढराशुभ्र झाला आणि पिवळे डाग जागच्या जागी उभे राहिले. सात मजल्यांच्या तीन इमारती, मध्ये एक विहीर.

“ही आपली विहीर,” आत्माराम म्हणाले.

इमारतींच्या वर ठसठशीत अक्षरं होती. ती त्यांनी चष्म्याशिवाय वाचली. “कै. आत्माराम राऊत संकुल.”

पंखा फिरत होता.

“कै.?” त्यांनी विचारलं.

प्रल्हाद पुढे झाला. “बाबा, बिल्डिंगा व्हायला वेळ लागतो. त्या लोकांनी आपलं... पुढचा विचार करून...”

“किती वेळ लागतो?”

“चार-पाच वर्षं.”

“म्हणजे टीव्ही त्यांचा.”

“हो,” प्रल्हाद म्हणाला. त्याने मान खाली घातली.

आत्मारामांनी हिशेब केला. ते एकोणऐंशीचे होते. “चार-पाच वर्षं ठीक आहेत,” ते म्हणाले. “आणि नाव तरी माझं दिलंय. बिल्डर लोक आपल्या बायकांची देतात. डाग जाईल ना रे, मार्सेल?”

“जाईल.”

“मग आण ते पेन.”

त्यांनी सहा ठिकाणी सही केली. वारस म्हणून प्रल्हादनेही केली, वडिलांपेक्षा भराभर. मग तो इतका हलका झाला की त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. उन्नतीने कागद नीट जुळवले आणि आत नेऊन ठेवले.

“इमारतींच्या खाली बारीक काहीतरी लिहिलंय,” आत्माराम म्हणाले. “ते नाही दिसत मला. वाच.”

मार्सेलने कॉन्ट्रास्ट चढवला. प्रल्हाद पडद्याजवळ गेला आणि शाळेत वाचतात तसं मोठ्याने वाचू लागला.

“भूमिपूजन. अक्षय्य तृतीया, सकाळी दहा वाजता.”

“म्हणजे येत्या रविवारी,” आत्माराम म्हणाले. “आणि मी तोवर कै.?”

प्रल्हाद थांबला नाही. वाचायच्या भरात होता.

“शुभहस्ते, श्रीमती उन्नती राऊत...”

एक ओळ उरली होती. ती त्याने मोठ्याने वाचली नाही, म्हणून मार्सेलने वाचली.

“कै. प्रल्हाद राऊत यांच्या पत्नी.”