तलावाचा रंग

“हिरवळ लावायची म्हणतोय खरा, पण ती तर पाण्यातच उगवलीये,” घरामागच्या पोहण्याच्या तलावाकाठी उभा राहून अण्णांचा मुलगा म्हणाला. अण्णा हसले. विनोद त्यांच्या डोक्यावरून गेला होता, पण लोक हसतील तिथे हसून मोकळं व्हायचं, ही त्यांची जन्माची सवय.

“रविवारपर्यंत पाणी निवळलं तर ठीक, अण्णा. नाहीतर माती टाकून बुजवून घेऊ. डासांनी झोप उडवलीये सगळ्यांची.” एवढं बोलून तो कामावर गेला. त्याचंही काही चुकत नव्हतं.

अण्णांना तलाव गमवायचा नव्हता. जमिनीवर कुरकुरणारे त्यांचे गुडघे पाण्यात उतरले की मुकाट चालत. आणि बायको गेल्यावर तिची म्हणावी अशी ही एवढीच जागा उरली होती. त्यांनी रोजच्यासारखा तुरटीचा खडा घेतला आणि पाण्यात फिरवायला लागले.

सून चहा घेऊन आली. “तुरटी कशाला, अण्णा?”

“वाऱ्याने धूळ येते ना. ती खाली बसेल. बघ ना, कसं मळकट झालंय पाणी.”

“मळकट?”

“मग काय तर.”

सून पाण्याकडे बघत राहिली. मग तिची नजर काठावरच्या कुंड्यांकडे गेली. सासूबाई गेल्यापासून तिथले टोमॅटो कोणी तोडले नव्हते. पिकून, फुटून ते मातीत पडले होते. अण्णांनी मान खाली घातली. आता ही विचारणार, आणि आपल्याला सांगावं लागणार.

लाल आणि हिरवा अण्णांना सारखेच दिसत. हे जगात एकट्या बायकोला ठाऊक होतं. रोज सकाळी ती तलावाच्या पाण्याची नळी उजेडात धरून रंग सांगायची आणि अण्णा औषधं मोजून टाकायचे. घरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्यांची हौस.

सुनेने काहीच विचारलं नाही. “ती तपासायची नळी कुठे ठेवलीये?” एवढंच म्हणाली. तिने नळीत पाणी घेतलं, बाटलीतले थेंब टाकले आणि नळी आभाळासमोर धरली.

“पिवळं आलंय. आणि ती धूळ नाही, अण्णा. शेवाळ आहे.” भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं ती म्हणाली.

शेवाळ. म्हणजे इतके दिवस रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललं होतं. वर त्या तुरटीने पाणी आंबट करून ठेवलं होतं; नळीतला पिवळा रंग तेच सांगत होता. अण्णांनी चहा तसाच बाजूला ठेवला.

“आंबटपणा मारायला आधी धुण्याचा सोडा,” ते म्हणाले. “मग क्लोरीन. पण ते ऊन कललं की. भर दुपारी टाकलं तर सगळं उन्हालाच जातं.”

पुढे हिशेब त्यांचा आणि डोळे तिचे. भिंती घासून अण्णांचे खांदे भरून आले. सोडा पडला की ती नळी धरायची. “अजून पिवळंच.” “आता केशरी.” “केशरीत जरा लाली आली.” मग अण्णा म्हणायचे, “पुरे.” संध्याकाळी क्लोरीन पडलं, पंप घुमत राहिला. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढुरकं झालं, तेव्हा ती घाबरली. “मेलेलं शेवाळ आहे ते,” अण्णा म्हणाले, “बसू दे खाली.” बसलेला गाळ दोघांनी पंपाला पाइप लावून ओढून काढला.

रविवारी मुलगा मागच्या दारात आला आणि थबकला. तळाची फरशी न् फरशी दिसत होती.

“हे कोणी केलं?”

“अण्णांनी,” सून म्हणाली. “मी नुसती नळी धरली.”

अण्णांनी सुनेकडे पाहिलं. या मुलीने त्यांना काही विचारलं नव्हतं आणि कुणाला काही सांगितलंही नव्हतं. तिने तलाव राखला, आणि त्यांची लाजही. आभार मानणं अण्णांना आयुष्यात जमलं नव्हतं, बायकोचेसुद्धा मानायचे राहून गेले होते. ते उठले, कुंडीपाशी गेले आणि झाडावरच्या एका टोमॅटोला बोट लावलं.

“सूनबाई, हा पिकलाय का गं?”

मुलगा हसला. “अण्णा, दिसत नाही का तुम्हाला?”

“नाही,” अण्णा म्हणाले. “मला लाल-हिरव्यातला फरक नाही दिसत. कधीच दिसला नाही.”

मुलाचं हसू ओसरलं. सून मात्र जवळ आली, ओले हात पदराला पुसत कुंडीवर वाकली.

“तो कच्चा आहे, अण्णा. त्याच्या शेजारचा घ्या.”