हलकं खोकं

तिघा हमालांची नावं कागदावर चढली होती. सहीच काय ती बाकी होती.

"दर गाडीत चाळीस-पन्नास बरण्या फुटतात. महिनाभर सांगतोय, जपून हाताळा म्हणून," नवे साहेब म्हणाले. "सोमवारपासून दुसरी माणसं येतील."

पॅकिंगच्या मावशी दारातच उभ्या होत्या. काचेच्या बरण्यांच्या या कारखान्यात त्यांची निम्मी हयात गेली होती.

"साहेब, दोन दिवस द्या. मागेही हमाल बदलले होते, फूट काही थांबली नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं नको व्हायला."

"मग खोक्यात आणखी कात्रण भरा."

"तेही दोनदा करून झालंय."

मावशी माल चढवायच्या धक्क्यावर गेल्या. एक पिंप उपडं घालून त्यावर बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. हमाल आधी बिचकले, मग कामाच्या नादात त्यांना विसरले. बारा बरण्यांचं एकेक खोकं कागदाच्या कात्रणाने गच्च भरलेलं. दिसायला मोठं, उचलायला फुलासारखं. एक जण खालून फेकी, दुसरा गाडीतून झेली. मधूनच पत्र्याच्या झाकणांची जड पेटी येई. ती मात्र दोघं मिळून उचलत आणि "सावकाश, सावकाश" म्हणत टेकवत.

"अरे, पत्र्याला जपता आणि काच फेकता?"

थोरला हमाल ओशाळला. "कळतं हो मावशी. पण वजनच लागत नाही. हात आपोआप फेकतो."

मावशी तडक उठल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्रण निम्म्यावर आणलं, बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या केल्या आणि एका खोक्यात बाराऐवजी तीस बरण्या बसवल्या. एकट्याला हलवता येईना असं खोकं.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, कात्रण कमी? सगळ्याचा चुरा होईल!"

"झाला तर त्या कागदावर चौथं नाव माझं घाला."

गाडी गेली. तिसऱ्या दिवशी माल घेणाऱ्याकडून फोन आला. साहेबांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग कागद टराटरा फाडला आणि ते स्वतः पॅकिंगच्या खोलीत आले.

"दोन! सबंध गाडीत फक्त दोन बरण्या फुटल्या!"

खोकी न्यायला आलेले हमाल एकमेकांकडे बघतच राहिले. थोरल्याने मावशींपुढे हात जोडले.

साहेब आता खुशीत होते. "पण काय हो, ती हलकी खोकी भरायची अक्कल मुळात कुठल्या महाभागाची?"

खोलीतले सगळे हात थबकले. कुणी वर बघेना.

"माझीच," मावशी म्हणाल्या. "तिच्याबद्दल माझा सत्कारही झाला होता. म्हणून तर अकरा वर्षं ती कुणी तपासली नाही. मीसुद्धा नाही."