विंगेतून

पहिल्या रांगेतल्या काकांची मान अगदी एकसारख्या वेगाने खाली येत होती. विंगेत प्रॉम्प्टिंगला बसलेल्या हिमानीने ते टिपलं. जुन्या इंग्लिश नाटकमंडळ्यांसारखं अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाने यंदा आलटून-पालटून रोज वेगळं नाटक लावलं होतं. नट मात्र तेच. तिकीटखिडकीवर पडत होतं ते फक्त हिमानीने लिहिलेलं नाटक.

"कॅन्सल करूया ना यार," नायक देवदत्त म्हणायचा.

"सॅम्पल लहान आहे, प्रयोग झालेतच किती? अजून एक बघू," ती म्हणायची.

आज गडबडीत देवदत्त कालच्या फार्समधलं वाक्य बोलून बसला. काका खडबडून जागे झाले, हॉल खदखदून हसला. घाबरून त्याने विंगेकडे पाहिलं.

 

हिमानीने आपली संहिता मिटली. "कालचंच पुढे बोल. माझं नाटक बंद."