सकाळची बाटली

चौतीस सालची गोष्ट. होटगी जंक्शनवर इंजिनात कोळसा टाकणाऱ्या शिवयोगीअप्पांचं ब्लडप्रेशर भलतंच चढलं. सोलापुरातले कंपनीचे डॉक्टर म्हणाले, "सकाळची पहिली लघवी बाटलीत भरून पाठवा. तापवल्यावर पांढरा साका जमला, तर मूत्रपिंडं बिघडायला लागली समजायचं. मग इंजिनावर चढणं बंद!"

बाटली न्यायचा मान लेकीचा, निलव्वाचा. घरात इंग्रजी वाचणारी ती एकटीच, शिवाय तिची शाळाही सोलापुरात. अप्पांनी दिलेली बाटली भूगोलाच्या पुस्तकाला टेकवून उभी केली आणि दप्तर छातीशी धरून स्वारी ऐटीत निघाली. तिची आई, अव्वा, दारापर्यंत आली. तिच्या डोळ्यांखाली सूज होती, बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

अप्पा हसले, "झोप लई मानवली की गं तुला! गाल बघ कसे फुगलेत!"

संध्याकाळी निलव्वा चिठ्ठी मुठीत धरून रडतच घरात शिरली. "अप्पा, साका जमला हो! दह्यासारखा घट्ट! उद्यापासून तुमी इंजिनावर जायचं न्हाय म्हणालेत."

तिनं अप्पांचा हात धरायला हात पुढं केला. तो झिडकारून अप्पा चुलीपाशी बसलेल्या अव्वावर कडाडले,

"तू कदी आजारी पडत न्हाईस, म्हणून तर तुझी भरून दिली की गं मी! असा दगा दिलास व्हय?"