ताईची पावलं

"ताईचा आवाज मला बरा वाटत नाही. वस्तू पाठवू नकोस, दोन दिवस राहून ये," आई म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. आठ महिन्यांच्या बाळाला प्रवासात सर्दी झाली तर?

ताईच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. ती तब्येतीकडे बघत नाही, आणि लक्ष ठेवणं तर माझ्या अंगातच आहे. बाळाची झोपसुद्धा मी वहीत लिहून ठेवते. ताईचे आकडे माझ्या फोनवर दिसतील, अशी सोय भाचीकडून करून घेतली.

पहिल्याच दिवशी अठरा हजार पावलं! आठवडाभर मी तिला टाळ्यांची चित्रं पाठवत राहिले. रविवारी फोन केला.

"कमाल केलीस ताई! कुठल्या बागेत जातेस गं?"

"बागेत?" ती हसली. "अगं, उंबरठा ओलांडून दहा दिवस झाले. सासूबाईंचा खुबा मोडलाय. त्यांची खोली, स्वयंपाकघर, मोरी, एवढंच फिरणं. त्यात माझा गुडघा सुजलाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू टाळ्या वाजवत होतीस ना!"

मी लगेच निघणार होते, पण बाळाला दात येतायत, अंग कोमट लागतंय. तुमच्यापैकी कुणी मिरजेत असाल, तर कृपा करून ताईकडे डोकावून या. पत्ता कळवते. बेल वाजवू नका, दार नुसतं लोटलेलं असतं. आणि चहा टाकते म्हणाली, तर हात धरून तिला खाली बसवा.